झाडूची पाळी

आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे श्टुटगार्टला आली होती. दुसऱ्याच शनिवारी सकाळी मी झाडू आणि सुपली घेऊन जिन्यात निघालो, तर ती दारात आडवी उभी राहिली. "हे हातातून सुटावं म्हणून शिकवलं ना रे तुला?" एवढंच म्हणाली आणि झाडू काढून घेतला.

माझ्या आईने बावीस वर्षं आमच्या तालुक्याच्या गावचे रस्ते झाडले. कायम कधीच झाली नाही. ठेकेदार बदलत गेले, खराटा तिच्याच हातात राहिला. पहाटे चारला निघायची आणि उजाडायच्या आत शाळेकडचा रस्ता आधी उरकायची, कारण माझ्या वर्गातल्या मुलांनी तिला पाहू नये असं तिला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, हे आज लिहायला हरकत नाही. मी घरातला पहिला पदवीधर. इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरी केली आणि सहा वर्षांपूर्वी बायको-मुलीला घेऊन इथे आलो. आईच्या हिशेबात आमचं घर त्या खराट्यापासून सात समुद्र लांब आलं होतं. आणि इथे तिचा इंजिनिअर मुलगा जिना झाडायला निघाला होता.

मी तिला दारावरची पाटी दाखवली. छोटी लाकडी पाटी, तिच्यावर लिहिलेलं 'केरवोखे'. वोखे म्हणजे आठवडा. पहिला शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आई म्हणालीच, "म्हणजे केरच की!" जर्मनीच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात, श्वाबेन भागात, ही जुनी रीत आहे. १४९२ सालच्या श्टुटगार्टच्या नगरनियमांत शहर स्वच्छ राहावं म्हणून घरासमोरची घाण ज्याची त्याने काढावी, असा दंडक होता. शहराने सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण भाडेकरारांत आणि लोकांच्या सवयीत ती रीत टिकून आहे. छोट्या केरवोखेत आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, पुसायचा. मोठ्या केरवोखेत तळघर, अंगण आणि समोरचा फुटपाथ, हिवाळ्यात बर्फही. आठवडा संपला की पाटी काढून शेजारच्या दारावर लावायची.

आमच्या इमारतीत आठ घरं आहेत. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका. पहिल्यावर एक तुर्की कुटुंब. त्यांचे आजोबा १९६१ च्या जर्मनी-तुर्कस्तान करारानंतर कारखान्यात कामाला आले. दुसऱ्यावर आमच्या शेजारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या बाई. तिसऱ्यावर एक कुटुंब लखनौजवळच्या मलिहाबादचं, त्यांच्याविषयी पुढे सांगतो. पाटी या सगळ्यांच्या दारावर जाते.

आईचा विश्वास बसेना. बँकेतल्या बाईंच्या दारावर पाटी लागली त्या शनिवारी ती दार किलकिलं करून उभी राहिली. बाई आल्या, बाह्या सरसावल्या, चारही कोपरे काढले, फरशी पुसली. आईने सगळं पाहून घेतलं आणि आत येऊन म्हणाली, "फडकं नीट पिळत नाही. डाग राहतात."

मला हसू आलं आणि नंतर गप्प व्हायला झालं. बावीस वर्षांत आईच्या कामातलं कसब कुणी विचारलं नव्हतं. ती पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं झाडणं पारखत होती, तेही एका साहेबिणीचं.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्छेदन' या भाषणात कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी यांतला फरक दाखवून दिला. कॉलेजात मी तो परिच्छेद पाठ केला होता. त्याचा अर्थ मला या जिन्यात कळला. केर सगळीकडे असतो आणि कुणाला तरी तो काढावा लागतो. प्रश्न एवढाच, की तो काढणारा जन्माआधीच ठरलेला आहे, की पाटी फिरते आहे. झाडूला कमीपणा नाही. तो एकाच वस्तीच्या, एकाच जातीच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या ठेवण्यात आहे.

इथला समाज समतेचा स्वर्ग आहे, असं मात्र समजू नका. आमच्या गल्लीच्या टोकाला नव्या इमारती झाल्या आहेत. तिथे केरवोखे नाही, ठेक्यावरच्या कंपनीच्या बायका पहाटे येतात. त्यांच्यात जर्मन बोलणारी क्वचितच. त्यांना पाहिलं की मला पहाटे चारचा आमचा रस्ता आठवतो. घर शोधताना आमच्या अर्जांना आठवडेच्या आठवडे उत्तर येत नव्हतं. पुण्यात आडनाव वाचून जात हुडकली जायची, इथे आडनाव वाचून परका ओळखला जातो. दुःख वेगळं आहे, पण दार बंद व्हायचा आवाज सारखाच. तरी एक फरक मी रोज पाहतो: पाटी लावणाऱ्या शिक्षिकाबाईंना माझ्या आजोबांचा धंदा ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची गरजही वाटत नाही.

ती गरज आपल्याच माणसांना वाटते. इथे आल्यावर पहिल्या गणपतीत आम्ही मराठी मंडळींत गेलो. सुरुवात गोडच झाली. मग "मूळ गाव कुठलं?", मग "आडनाव काय म्हणालात?", मग "ते आडनाव तर आमच्याकडे देशमुखांतही असतं, तुम्ही त्यातले का?" उत्तरासाठी सगळे थांबलेले. मी "चहा घेतो" म्हणून उठलो. पुढे दोन कुटुंबं आमच्याकडे जेवायला येणार होती. त्या दुपारी मी आणि बायकोने काही न बोलता हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो काढून कपाटात ठेवला.

पाहुणे गेल्यावर सात वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाबासाहेबांना आज का लपवलं?" बाबासाहेबांनी १९२१ साली इथल्याच बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं, हे तिला मीच कौतुकाने सांगितलं होतं. म्हणून तिचा पुढचा प्रश्न होता, "ते तर इथे शिकणार होते ना? मग त्यांना इथे कुणाची भीती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री फोटो पुन्हा भिंतीवर लावला.

त्यानंतर महिन्याभरात आमचा आठवडा संपला आणि पाटी वरच्या मजल्यावर जायची होती. मलिहाबादचे भैया ती न्यायला स्वतःच खाली आले. वर्षभर आम्ही जिन्यात हिंदीतून थंडी, मुलांची शाळा, रेल्वेचा संप एवढंच बोलत होतो. उघड्या दारातून त्यांना फोटो दिसला. ते थांबले, आणि हळू आवाजात म्हणाले, "जय भीम." एक वर्ष आम्ही दोघं एकाच जिन्यात एकमेकांपासून लपत होतो!

भैया पासी समाजाचे. लखनौकडच्या पासींमध्ये रावत हे आडनाव सर्रास आहे आणि गढवालच्या राजपुतांमध्येही. त्यांचं आडनाव तेच. इथल्या भारतीय घोळक्यात लोक त्यांना पहाडी ठाकूर समजले आणि त्यांनी तसं समजू दिलं. "झूठ नहीं बोला, बस चुप रहा," ते म्हणाले. चहासाठी उठलेल्या मला ते लगेच समजलं.

मलिहाबाद म्हटलं की जगाला दशहरी आंबा आठवतो, पठाणांच्या बागा आणि जोश मलिहाबादींची शायरी आठवते. भैयांचे वडील त्याच बागांत मोहोरापासून उतरणीपर्यंत रात्रीची राखण करायचे. आंब्याच्या पेटीवर मलिहाबादचं नाव छापलं जातं. राखण करणाऱ्याचं, उतरवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. आणि गंमत अशी की, ते गाव मलिया नावाच्या पासीने वसवलं, अशी तिथली जुनी लोकपरंपरा आहे. १८५७ च्या नोव्हेंबरात लखनौच्या सिकंदरबागेत लढून पडलेल्या उदादेवी पासी याच मुलखातल्या. आज मलिहाबादचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. इतकं सगळं पाठीशी असलेला माणूस श्टुटगार्टच्या दिवाळीत गप्प बसतो. जात विमानात सामान म्हणून वजन केली जात नाही, पण पोचते मात्र सगळ्यांच्या आधी.

आमच्या घरासमोरच्या फुटपाथवर दोन छोटे पितळी दगड बसवलेले आहेत. त्यांना 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात, म्हणजे अडखळायला लावणारा दगड. नाझी राजवटीने ज्यांना मारलं, हाकललं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर त्यांचं नाव आणि जन्मसाल कोरून बसवतात. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं. युरोपभर असे एक लाखाहून अधिक दगड आहेत. मोठ्या केरवोखेत मी त्यांच्यावरून झाडू फिरवतो. मुलगी ओणवी होऊन नाव वाचते. बहुतेक दगडांवर सुरुवात एकाच वाक्याने होते: इथे राहत होते. या देशाने केलेला गुन्हा भयंकर होता, पण आज तो माणसाचं नाव दाराशी लिहून ठेवतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने नाव लपवावं, अशी इथे अपेक्षा नाही. मग आपण आपलं का लपवतो आहोत?

हे मी आज लिहितो आहे, कारण आपल्यातले अनेक जण या वाटेवर आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशा कामांसाठी माणसं हवी आहेत. त्याच वर्षी जर्मनीने भारतीयांसाठीच्या कुशल कामगार व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. शिकायला यायचं तर बहुतेक जर्मन राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिक्षणशुल्क नाही. या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये. गुणपत्रिका कितीही चांगली असो, आपल्या घरांत रस्ता इथेच अडतो. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या जागा देशभरासाठी १२५, राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या ७५. या जागा वाढवून मागणं हे आपलं सगळ्यांचं काम आहे, जे पोचले त्यांचंही.

आणि पोचल्यावरचं काम वेगळं. जर्मनीचा २००६ चा समान वागणुकीचा कायदा वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व यांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करतो. त्यात जात हा शब्द नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने २०२३ मध्ये तो शब्द आपल्या कायद्यात घातला, कारण तिथल्या लोकांनी तोंड उघडलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने केलेलं विधेयक मात्र गव्हर्नरने नाकारलं. इथे तर मागणीचा आवाजही नीट उमटलेला नाही. तो उमटणार कसा? आपण चहा घ्यायला उठून जातो आहोत.

मला कुणी विचारेल, आडनाव सांगून, फोटो लावून उगाच वैर का घ्यायचं? परदेशात तरी सुखाने जगू द्या. मी त्याला दोष देत नाही, वर्षभर मी तेच केलं. त्याची किंमत एवढीच सांगतो: त्या दिवशी फोटो कपाटात असता तर भैया पाटी घेऊन वर गेले असते आणि आम्ही अजून हवापाण्यावर बोलत असतो. लपल्याने ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्यापासून थोडी सुटका होते, पण आपलं माणूसही आपल्याला सापडत नाही. आणि आपली मुलं कपाट कधी उघडायचं, कधी बंद करायचं, एवढंच शिकतात.

यंदा १४ एप्रिलला आमच्या दोन्ही घरांनी मिळून इमारतीतल्या सगळ्यांना बोलावलं. वहिनींनी वरून पुरी-भाजी आणली, आम्ही खीर केली. शिक्षिकाबाईंनी फोटोकडे पाहून हे कोण, असं विचारलं. उत्तर मुलीने दिलं, तिच्या शाळेतल्या जर्मनमध्ये, न अडखळता. मराठी मंडळींतली दोन्ही कुटुंबंही बोलावली होती. एक आलं, एक आलं नाही. चालायचंच.

आई आता गावी आहे. तिच्या जागी ठेकेदाराने दुसरी बाई घेतली आहे, आमच्याच वस्तीतली. आई तिला आणि शेजारणींना सांगते, तिकडे साहेबाच्या दारावरपण पाटी लागते. ऐकणाऱ्यांना खरं वाटत नाही. दर शनिवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, "आज पाळी कुणाची?" मी आपलं सांगतो, कधी आमची, कधी तुर्की काकांची, कधी मलिहाबादवाल्यांची. नगरपालिकेच्या त्या रस्त्यावर मात्र हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. तिथे विचारायला हवा, आणि तो आपण शिकलेल्यांनीच विचारायला हवा.