खुंट पाहून कलम घ्यावे

पेडण्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. बंगळूरला नोकरीस असलेल्या मुलाने गेल्या चतुर्थीला येताना जपानी मेपलचा कलमी वामनवृक्ष आणला. फाल्गुनापासून त्याच्या पानांच्या कडा करपू लागल्या. ‘पाणी कमी पडते, की खत? मुलगा पुन्हा येईल तेव्हा झाड जिवंत दिसले पाहिजे,’ असे त्या लिहितात.

उत्तर देणे जिवावर येते. पण खोटा धीर देऊ नये.

तळहाताएवढी, बोटे पसरल्यासारखी पाने असलेल्या या झाडाच्या ‘कियोहिमे’, ‘शिशिगाशिरा’ अशा ठेंगण्या जाती आहेत. त्यांचे बी पेरले तर तीच जात उगवेल असे नाही. म्हणून साध्या मेपलच्या रोपावर त्या जातीची काडी बांधतात. गोमंतकीयांना हे नवीन नाही. मानकुरादची कोय रुजवून मानकुरादच मिळेल याची हमी नसते, म्हणूनच आपण कलम लावतो. आंब्याप्रमाणेच मेपलच्या खुंटालाही सांध्याखाली फुटवे येतात. ते वेळीच खुडले नाहीत, तर खुंट वर चढतो आणि मूळ जात मागे पडते. खुंट व काडी यांची वाढ सारखी नसली, तर सांध्याशी गाठही येते. ती फार डोळ्यांत भरली तर सांध्याच्या वर गुटी बांधून नवी मुळे फोडता येतात.

परंतु या झाडाचे दुखणे सांध्यात नाही. त्याचा खुंटही मेपलचाच आहे, आणि मेपलला हिवाळ्यात पाने गाळून दोन-तीन महिने कडक थंडीत निजावे लागते. आपल्याकडे जानेवारीची रात्रही साधारण २० अंशांवर असते. झोप न मिळालेले झाड साठवलेल्या बळावर एखाददुसरे वर्ष पालवते, मग झिजत जाते. अशा वेळी पाणी वाढवले तर मुळे कुजतात, खत वाढवले तर करपतात. माझ्या अंगणातले असेच एक झाड तिसऱ्या पावसाळ्यात गेले. पाणी, खत, सावली सारे दिले. थंडी मात्र देता आली नाही. हिमाचल किंवा उत्तराखंडच्या डोंगरात कोणी आप्त असल्यास झाड त्यांच्याकडे पाठवावे, हाच त्याला वाचवण्याचा खरा उपाय.

मग कलमी वामनवृक्षाची हौस सोडायची काय? मुळीच नाही. पेडणे-डिचोलीच्या जुन्या घरांच्या चिऱ्यांत, विहिरींच्या कठड्यांवर पाखरांच्या विष्ठेतून नांदरुक रुजते. भिंत फुटेल म्हणून आपण ते उपटून टाकतो. तेच मुळासकट हलकेच काढावे. रोपवाटिकांत फुगीर मुळांचे जे ‘जिनसेंग’ झाड मिळते, तेही नांदरुकच. बहुधा जाड बुंध्याच्या खुंटावर बारीक पानांची काडी बांधलेली असते. म्हणजे ठेंगण्या मेपलचीच युक्ती, पण खुंट उष्ण हवेचा.

रोप प्रथम तीन-चार वर्षे मोठ्या कुंडीत मोकळे वाढू द्यावे, म्हणजे बुंधा भरेल. जांभ्याची धुतलेली बारीक खडी, माती व कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. पाणी साचू देऊ नये. मृगाच्या सरी स्थिरावल्या की बारीक पानांच्या नांदरुकाची कुंडी शेजारी ठेवून भेटकलम करावे. दोन्ही फांद्यांची साल दोन बोटे लांब सारखी तासावी, चीक पुसावा, आतले हिरवे थर जुळवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. साधारण दोन महिन्यांनी सांधा जुळलेला दिसला, की खुंट सांध्याच्या वर आणि काडी सांध्याच्या खाली थोडी थोडी कापत वेगळी करावी. नंतरच उथळ कुंडी, मुळांची छाटणी आणि तार. तार सालीत रुतण्यापूर्वी सोडावी.

पत्रलेखिका भगिनींनी मुलाला आजच खरे कळवावे. सुकलेली कुंडी एकाएकी पाहण्यापेक्षा ते बरे. चतुर्थीला पाऊस असतोच. त्या ओल्या दिवसांत त्याच्याच हाताने घराच्या भिंतीतले नांदरुक काढून कुंडीत लावावे. त्याने आणलेले झाड राहणार नसले, तरी त्याने लावलेले राहील. आणि पुढच्या वेळी कोणतेही कलम विकत घेताना पानांची शोभा मागाहून पाहावी. आधी खुंट कोणत्या हवेतला, हे विचारावे.