गाईच्या हृदयाची परीक्षा

गाय चारा सोडते, दूध एकाएकीं आटतें, पाठीस कमान करून व कोपरें बाहेर टाकून ती उभी राहते. आणि आपण अपचन समजून काढे पाजीत बसतों. पुढें गळ्याची पोळी सुजते, मानेची शीर दोरासारखी फुगते, तेव्हां कोठें हृदयाची शंका येते.

गुरें चारा नीट न चावतां गिळतात. कुट्टीबरोबर गेलेली तार जाळीपोटांत अडकते. तेथून हृदय केवळ एका पडद्यापलीकडे. तार तेथवर पोंचली कीं हृदयाभोंवतीं पू सांचतो. हा पू अल्ट्रासाऊंड यंत्रांत दिसतो. १९५३ सालीं स्वीडनमध्यें एडलर व हर्ट्झ यांनीं ध्वनिलहरींनीं माणसाचें हृदय तपासलें. आज गिनीपिगसारख्या वीतभर प्राण्याचीही ही परीक्षा होते. मग संगमनेर-राहात्याच्या संकरित गाईनेंच काय पाप केलें आहे?

कोणी म्हणेल, निदान होऊन उपयोग काय? पू सांचलेली गाय क्वचितच वांचते, हें खरें. परंतु तें वेळीं कळल्यास इंजेक्शनांचा व्यर्थ खर्च आणि मुक्या जिवाचे हाल तरी टळतात; आणि हृदय निरोगी ठरल्यास पोट उघडून तार काढण्याचा विचार करतां येतो. तार स्वतः या यंत्रांत दिसेलच असें नाहीं; तिला क्ष-किरण हवेत.

गाभ पाहण्यासाठीं असलीं यंत्रें गोठ्यांत येऊं लागलींच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील दूधसंस्थांनीं तालुक्यास निदान एक यंत्र व तें वाचूं जाणणारा पशुवैद्य यांची सोय करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. गाईस गिळविण्याचे लोहचुंबकही त्यांनींच मागवून सभासदांस द्यावे.