झाडपालाही आमचा, गोळीही आमच्या हक्काची



थंडी-पाऊस लागला की आमच्या पाड्यांवर हातपाय ठणकणारी लेकरं वाढतात. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही. सिकलसेल. वैदू निर्गुडीचा पाला गरम करून शेकतो. ठणका उतरतो, लेकरू झोपतं. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आमच्या वैदूला कुणी अडाणी म्हटलं तर आम्ही ऐकून घेणार नाही.

पण आपसात खरं बोलू. सिकलसेल ही करणी नाही, एकट्या आईचा दोष नाही. आईबाप दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता असते. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात. कोणतंच मूळ ते रक्त बदलत नाही. "मुळासकट बरा करतो" म्हणून बाजारात पैसे घेतो तो वैदू नव्हे, लुटारू. शेक द्या, पाणी भरपूर पाजा. पण ताप आला, दम लागला, की त्याच दिवशी दवाखाना गाठा. काढ्यावर थांबू नका.

आता सरकारला विचारतो. दवाखाना गाठायचा कसा? रस्ता नाही. गेलो तर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या संपलेल्या. वरून आम्हालाच सांगतात, "तुम्ही झाडपाल्यावर विश्वास ठेवता." गोळी देत नाही आणि पालाही घेऊ देत नाही, हा कुठला न्याय? आमच्या म्हाताऱ्या वैदूच्या झोळीतल्या मुळ्या नाक्यावर काढून घेतल्या. त्याच नाक्यावरून ठेकेदाराचा हिरड्याचा ट्रक सलाम घेत गेला!

२००६ चा वनहक्क कायदा काय म्हणतो? औषधी वनस्पती हे गौण वनउपज आहे, त्याची मालकी आमची. जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावरही गावाचा सामूहिक हक्क आहे. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. मग आपण का मागे?

पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या. एक, सामूहिक दावा भरा. दोन, गावातल्या सगळ्यांची, लग्नाआधी पोरापोरींची तर नक्कीच, रक्ततपासणी गावातच करा, असं सरकारला लेखी मागा. तीन, गोळ्या उपकेंद्रात बारा महिने मिळाल्या पाहिजेत. ठरावाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जंगल गेलं तर वैदू जाईल. गप्प बसलो तर लेकरू जाईल. आम्ही दोन्ही जाऊ देणार नाही.

लढेंगे, जितेंगे!