आधी आपटून बघा, मग घ्या

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय ऐकून हसाल, पण हसून झालं की पुढचं वाचा. विषय आहे सॉफ्ट टॉय. तेच ते केसाळ अस्वल, जे साताऱ्यापासून सांगलीपर्यंत प्रत्येक बारशाला आणि वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून हजर असतं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ज्या मऊ खेळण्याचा टप्पा पडत नाही ते खेळणं नव्हे, ती उशी.

वर्षा-दीड वर्षाचं पोर हातात आलेल्या वस्तूचं काय करतं? फेकतं. आणि पुढे काय होतं ते बघतं. अस्वल फेकलं की थप्पकन पडतं आणि तिथेच राहतं. दोनदा फेकून पोर कंटाळतं आणि वाटी-चमच्याकडे वळतं. वाटी निदान वाजते तरी! मग अस्वल 'मळेल' म्हणून शोकेसमध्ये जातं. यात पोराचा दोष नाही. अस्वल निवडणारा मोठा माणूस दुकानात ते गालाला लावून बघतो, जमिनीवर टाकून कोणी बघत नाही. म्हणून बनवणाराही टप्प्याचा विचार करत नाही.

आमच्या सांगलीच्या मामी शिवणकाम करतात. त्यांच्या मते मऊ हवं तर मऊ घ्यावं, उसळणारं हवं तर रबरी चेंडू घ्यावा, दोन्ही एकात होत नाही. मामींचा मान ठेवून सांगतो, होतं. टेनिसचा चेंडूच बघा ना. आत पोकळ रबर, वरून लोकरी कापड. नियमाप्रमाणे तो 254 सेंटिमीटरवरून सोडला तर 135 ते 147 सेंटिमीटर उसळावा लागतो, म्हणजे निम्म्याहून जास्त. मऊपणा बाहेर आणि उसळी आत, एवढंच त्याचं गुपित.

आणि हे गुपित आपल्याकडे काय नवीन आहे? सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या चकत्या कापून कागदाच्या बोळ्यावर ताणून चढवायच्या, वर चिंध्या घट्ट गुंडाळायच्या आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात टाचून टाकायचं. लगोरी आणि आबाधुबी खेळलेल्या कोणालाही विचारा. पाठीत बसला तरी वळ उठायचा नाही, आणि टप्पाही पडायचा.

टेडीत मात्र पॉलिस्टरचा सुटा कापूस भरलेला असतो. जमिनीवर आपटला की त्याचे धागे एकमेकांवर घासतात आणि पडण्याचा सगळा जोर तिथेच जिरतो. वर लांब केसांचं कापड, शिवाय हात, पाय, कान. उरलासुरला जोर ते हलण्यात जातो.

तर मग खेळणं कसं हवं? गोल हवं. आपल्या सह्याद्रीतलं खवल्या मांजर भ्यालं की अंगाचा चेंडू करतं. दुसऱ्याच्या देशातलं अस्वल कशाला, हे घ्या की! मध्ये रबराचा गाभा, पोराच्या तोंडात मावणार नाही इतका मोठा. त्यावर लोकरीचं सूत ताणून गुंडाळायचं. सूत सुटं राहिलं तर जोर जिरतो, घट्ट असेल तर परत मिळतो. क्रिकेटच्या चेंडूतही बुचाच्या गाभ्यावर लोकरीचं सूतच गुंडाळतात. वरून बनियनसारखं ताणणारं कापड, संत्र्याच्या फोडींसारखे तुकडे जोडून. डोळे भरतकामाचे, बटणाचे नकोत. मीटरभर उंचीवरून सोडलं तर मोठ्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत यायला हवं. घरात याहून जास्त उसळी नको, नाहीतर टीव्ही जायचा.

लोकर कुठून आणायची म्हणता? माण, आटपाडी, जत. तिथले धनगर मेंढरं कातरतात, पण घोंगड्यांचा खप घटल्यापासून त्या लोकरीला कोणी विचारत नाही. ती राठ असते, अंगाला टोचते, खरं आहे. पण इथे ती पोराच्या अंगाला लागणारच नाही, आत राहणार आहे. धुण्याचं काय, हा आक्षेप मात्र रास्त आहे, कारण गुंडाळलेली लोकर लवकर वाळत नाही. त्यासाठी उशीच्या अभ्र्यासारखं वेगळं निघणारं वरचं कापड शिवावं.

आता खरा राग. सरकारने खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर नेलं, 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली. चांगलं झालं. पण या संधीचं आपण केलं काय? परदेशी अस्वलाला वेशीवर अडवलं आणि तेच अस्वल घरात शिवायला बसलो! बचत गटाच्या बायकांना 'टेडी मेकिंग'चे क्लास लावायचे, तयार कापड, तयार डोळे, तयार नाक विकत आणायला लावायचं आणि वर त्याला उद्योजकता म्हणायचं. ज्या बायका डोळे मिटून वाकळ शिवतात, त्यांना नक्कल शिकवता? त्यांच्यापुढे ट्यूबचा चेंडू ठेवा आणि 'याच्यापेक्षा चांगला करून दाखवा' म्हणा. नक्कल केली की भाव पाडण्याचीच स्पर्धा उरते, आणि ती मोठा कारखानाच जिंकतो.

तेव्हा नातेवाईक मंडळींना विनंती. पुढच्या बारशाला जाण्याआधी दुकानात खेळणं एकदा जमिनीवर टाकून बघा. दुकानदार डोळे वटारेल, वटारू दे. दहा गिऱ्हाइकांनी असं केलं की अकराव्या वेळी तो माल देणाऱ्याला विचारेल, "टप्पा पडणारं काही आहे का हो?"