थोरल्या बहिणीची बिनपगारी चाकरी

दसरा उलटला की धाराशिव जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतून ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे, म्हणजे त्याच्या हिशेबातला एक कोयता, चारसहा महिने फडावर राबते. घरातील एखादे मूल स्वमग्न असेल तर त्याचे काय करायचे, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नाही. स्वमग्न मुलाला रोजच्या क्रमातला लहानसा बदलही पुष्कळदा असह्य होतो. मग नवी कोपी आणि नवा गोंगाट त्याने कसा सोसावा? त्याला गावी आजीपाशी ठेवले जाते. आजी नावापुरती; सांभाळते ती दहाबारा वर्षांची बहीण.

या मुलीचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. भाऊ कशाने बिथरतो, कोणत्या ताटात वाढले तरच जेवतो, पिठाच्या गिरणीजवळून जाताना कानांवर हात का घेतो, हे तिला कोणत्याही तज्ज्ञाआधी उमगलेले असते. तिची त्याच्यावर माया असते आणि कधी तिला त्याचा संतापही येतो. त्या संतापाची तिला लाज वाटावी, अशीच आपली शिकवण. गाव तिला ‘गुणाची पोर’ म्हणते. हे कौतुक शासनाला फार स्वस्त पडते. शाळेतील गैरहजेरी मात्र तिच्याच नावापुढे लागते, आणि पुढे तिच्या सोयरिकीची बोलणी निघाली की तोच भाऊ आतल्या खोलीत बसवला जातो. आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असे विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य तज्ज्ञही सांगत. शास्त्राने ते मत केव्हाच टाकून दिले, पण दोष अजून आईच्याच पदरात पडतो.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती; २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ताही त्याच्या चोविसाव्या कलमात आहे. पण हे कलम सुरूच होते ते शासनाच्या ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ या शब्दांनी. त्या मुलीची कुवत कोणी मोजली?

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली. ती हवीच होती. परंतु भावाला सोडून जी निघू शकत नाही, तिला वसतिगृहाचा काय उपयोग? आमची मागणी साधी आहे. हंगामाच्या काळात प्रत्येक तालुक्यात स्वमग्न व मतिमंद मुलांसाठी पगारी, प्रशिक्षित माणसांचे संगोपन केंद्र चालवावे. त्याचा खर्च शासनाने आणि ज्यांच्या फडासाठी ही घरे रिकामी होतात त्या कारखान्यांनी मिळून उचलावा.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीला पालक नेमू शकते. आईबापांच्या माघारी त्या समितीपुढे अर्ज घेऊन उभी राहील ती बहुधा हीच बहीण, आणि शाळा सुटलेली असेल तर मजुरीवर जगणारी. म्हणून येत्या हंगामाच्या गाड्या सुटण्यापूर्वीच जिल्हा परिषदेने शाळांचे हजेरीपट उघडावेत आणि दिवाळीनंतर कोणत्या मुली वर्गात दिसेनाशा होतात, त्यांच्या घरी कोण आहे, याची चौकशी करावी.