जीनोमचा अहवाल समजावणार कोण?

अंधेरी-बोरिवलीत काय किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये काय, पॅथॉलॉजी लॅबचे संकलन केंद्र आता हाकेच्या अंतरावर असते. जांभळ्या टोपणाच्या ज्या नळीत सीबीसीसाठी रक्त घेतात, तशाच नळीतले दोन-तीन मिलिलिटर रक्त जीनोम सिक्वेन्सिंगलाही पुरते. नमुना देणे इतके सोपे झाले आहे. अहवालाचे काय करायचे, हे मात्र तितके सोपे नाही. त्यामुळे ही तपासणी उपनगरांतल्या रोजच्या उपचारांत आणावी का आणि आणली तर कोणत्या अटींवर, याचा विचार सावकाश करायला हवा.

बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा भक्कम आहे. अतिदक्षता विभागातल्या बाळाला वारंवार झटके येतात, एमआरआयपासून चयापचयाच्या तपासण्यांपर्यंत सगळे होते, तरी निदान लागत नाही, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. अशा वेळी आई, वडील आणि बाळ या तिघांचे जीनोम एकत्र वाचले तर काहींना आजाराचे नाव कळते. डॉक्टरांचे उंबरठे झिजवणे थांबते, काही आजारांत उपचारांची दिशाच बदलते आणि पुढच्या गरोदरपणाचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

दुसरीकडे, आक्षेप घेणारेही चुकीचे बोलत नाहीत. तपासणीनंतरही कित्येक मुले निदानाविना राहतात आणि निदान झाले तरी औषध असेलच असे नाही. दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणानुसार परळच्या केईएमसारख्या केंद्रांत आता कमाल 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. पण काही आजारांत जन्मभर घ्यावी लागणारी औषधे ही रक्कम लवकरच संपवतात. जिथे साध्या खाटांसाठी ताटकळावे लागते, तिथे महागड्या तपासणीवर पैसा का घालवावा, हा प्रश्न रास्त आहे.

थॅलेसेमियाचे उदाहरण दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. बोरिवली पूर्वेला महापालिकेचे थॅलेसेमिया व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत या आजाराच्या वाहकांचे प्रमाण जास्त आढळते. वाहक ओळखायला एचपीएलसी ही तुलनेने स्वस्त रक्ततपासणी पुरते. त्यासाठी अख्खा जीनोम वाचण्याची गरज नाही. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. गर्भाची तपासणी करायची तर जनुकातला नेमका दोष आधी माहीत असावा लागतो, आणि ते काम डीएनए तपासणीचेच. म्हणजे प्रश्न स्वस्त की महाग असा नसून कोणती पायरी आधी, असा आहे.

अहवालाच्या अर्थाचा पेच याहून अवघड आहे. कोणत्याही माणसाचा जीनोम प्रमाण नमुन्यापेक्षा 40 ते 50 लाख ठिकाणी वेगळा असतो. त्यांतले बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. पण काहींपुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. जगभरच्या माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा असल्याने आपल्याकडे असे शेरे अधिक येतात. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने 10,000 भारतीयांचे जीनोम वाचून जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली केली. त्याने हळूहळू फरक पडेल. तथापि, आज तो शेरा वाचून धास्तावलेल्या आईशी आजच बोलावे लागते.

शिवाय बाळाच्या झटक्यांचे कारण शोधताना आईच्या बीआरसीए जनुकातला दोष हाती लागू शकतो. तो सांगावा, कारण स्तनाच्या कर्करोगाची तपासणी वेळेत सुरू होईल, असे एक मत आहे. याउलट, न विचारलेले न कळण्याचाही माणसाला हक्क आहे, असे दुसरे. समुपदेशक पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ काढून कुटुंबाचा तक्ता मांडतो आणि मामेबहिणीशी लग्न झाले असेल तर दुहेरी रेघ ओढतो, तेव्हा लक्षात येते की संमतीची सही एकाची असली तरी माहिती मावशीची, भावाची आणि लग्नाच्या भाचीचीही आहे.

विम्याचा धाक वेगळाच. ‘जनुकीय विकार’ या सबबीवर आरोग्य विमा सरसकट नाकारणे दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये भेदभावाचे ठरवले. पण अमेरिकेत 2008 पासून आहे तसा जनुकीय भेदभावाविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि तिथल्या कायद्यातही आयुर्विमा येत नाही. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही जनुकीय माहितीला वेगळा दर्जा नाही.

हे सारे तोलल्यावर आमचा कौल तपासणीच्या बाजूने आहे, पण मर्यादित. ज्या रुग्णात निकालामुळे उपचार किंवा पुढच्या गरोदरपणाचा निर्णय बदलू शकतो, तिथे ती सार्वजनिक खर्चाने व्हावी. निरोगी माणसांच्या ‘हेल्थ पॅकेज’मध्ये ती घुसवू नये. अनपेक्षित निष्कर्ष हवेत की नकोत, हे नमुना घेण्याआधी लेखी विचारावे. यंत्रे मिळवता येतात. कोविडकाळात, ऑगस्ट 2021 मध्ये, महापालिकेने कस्तुरबा रुग्णालयात जीनोम प्रयोगशाळा उभी केली होती. मात्र तिथे विषाणूचा जीनोम वाचायचा होता आणि विषाणूला ना नातेवाईक असतात ना विमा. माणसाचा जीनोम वाचायचा तर कूपर, राजावाडी यांसारख्या उपनगरी रुग्णालयांत जनुकीय समुपदेशकांची कायम पदे आधी भरावीत. यंत्राची निविदा त्यानंतर काढावी.