मोटार, कान आणि बोटे

मोटारींविषयी मत देण्याचा संगीत-शिक्षकाला काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की वीस वर्षे मी हौसेने मोटार चालवतो आहे आणि जवळजवळ तितकीच वर्षे मुलांची बोटे पेटीवर बसवतो आहे. या दोन उद्योगांत फार अंतर आहे असे मला कधी वाटले नव्हते. अलीकडे मात्र ते पडू लागले आहे.

वडील दरबारी तबलजींच्या घरातले. संस्थान विलीन होऊन दशके लोटली, तरी गणेशोत्सवात राजवाड्यावर त्यांची हजेरी असे. त्या दिवशी शेजारच्या वकीलसाहेबांची अँबॅसिडर दारात येई. वडिलांना गाडी चालवता येत नव्हती. पण चढण लागली की मागच्या बाकावरून ते म्हणत, ‘वकीलसाहेब, दमली हो ती, दुसऱ्यात घाला.’ आणि ते बरोबर असे. दांडिया बाजारातले आमचे मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवीत, मूठ कानाला लावीत आणि डोळे मिटून सांगत, ‘टॅपेट सैल झालेत.’ हा माणूस आपल्याच धंद्यातला, असे वडील त्यांच्याविषयी म्हणत.

तेव्हा जुन्या गाड्यांवर माझा लोभ असणे साहजिक आहे. परंतु त्या गाड्या चांगल्या होत्या, असे मात्र मी म्हणणार नाही. अँबॅसिडर बनविणाऱ्या हिंदुस्तान मोटर्सचा आरंभ १९४२ साली आपल्याच बडोदे संस्थानातल्या ओखा बंदरावर झाला, याचा अभिमान आपल्या जुन्या मंडळींना असतो, मलाही आहे. पण इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ती गाडी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आली आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तिच्या रूपात फारसा फरक पडला नाही. याला कोणी परंपरा म्हणते. मी आळस म्हणतो. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नाव नोंदवून रांगेत उभे. तिकिटे आधीच संपलेली असली म्हणजे गवयाने रियाज कशाला करावा? १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा कुठे या मैफलीतले श्रोते उठून जाऊ लागले.

आजच्या गाड्या सर्व दृष्टींनी सरस आहेत. ब्रेक लागतात, दारांतून पाऊस आत येत नाही, समोर हवेच्या उशा आहेत. पूर्वी ज्या अपघातात माणूस जात असे, त्यातून आज तो चालत बाहेर येण्याचा संभव पुष्कळच वाढला आहे. हे मान्य करून मग माझी तक्रार.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याची नवी गाडी घेऊन आम्ही चांदोदला निघालो. डभोईच्या रस्त्यावर एसी जरा कमी करावा म्हटले. बटण शोधतो तो बटणच नाही! मध्यभागी एक भलीमोठी काच. तिच्यावर एक चित्र दाबायचे, मग दुसरे पान उघडायचे, मग बोट सरकवायचे. बोट घसरले, पुन्हा लावले. वर पाहतो तो कॅरिअरवर चाऱ्याचा भारा बांधलेला एक सायकलवाला अगदी पुढ्यात. ब्रेक लागले, म्हणून हा लेख मी लिहीत आहे आणि तो गृहस्थ घरी गेला. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात तीन सेकंद नजर खाली गेली, तर गाडी पन्नास मीटर आंधळी धावते. उतरल्यावर भाचा म्हणाला, ‘मामा, सवय होईल.’

होणार नाही. पेटी शिकणाऱ्या मुलाची नजर पट्ट्यांवर असते तोवर त्याला गाता येत नाही, हे मी रोज पाहतो. काळी पट्टी उंच, पांढरी खाली. बोटाला खाचखळगा सापडतो, म्हणून डोळा मोकळा राहतो. सपाट काचेवर बोटाला काय सापडणार? तिच्यावर पेटीचे चित्र काढून कोणी मुलाला ‘वाजव’ म्हटले, तर तो जन्मभर खालीच पाहत बसेल.

कारखानदार हे का करतात, ते उघड आहे. वीस बटणे, त्यांचे साचे, त्यांच्या तारा यांपेक्षा एक काच स्वस्त पडते. आतली आज्ञावली बदलली की तीच काच दुसऱ्या गाडीला चालते. आणि दुकानात गिऱ्हाईक दिपते. युरोपातल्या एनकॅप या सुरक्षा-परीक्षक संस्थेने मात्र आता कान पिळला आहे. इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरीखुरी बटणे नसतील, तर २०२६ पासून तिच्याकडे पूर्ण गुण मिळत नाहीत. आपली भारत एनकॅप २०२३ मध्ये सुरू झाली. तिनेही हा धडा गिरवावा, आणि त्यात एसीचे बटण घालावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

कानाचे काय, असे वाचक विचारतील. विजेच्या गाडीला आवाज नाही याचे मला दुःख नाही. शांततेचे वाकडे कोणत्या गवयाला असेल? पण बीएमडब्ल्यूने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी चित्रपट-संगीतकार हान्स झिमर यांच्याकडून ध्वनी करवून घेतले, हे वाचून मला हसू आले. सुरेल असतीलही. तरी गाडी दमली की नाही, हे त्यातून वडिलांना कळले नसते.

दिवाळीत भाचा पुन्हा गाडी घेऊन येणार आहे. चांदोदला जायचे तर एसी दारातच लावून निघायचे, असे मी त्याला कळवून ठेवले आहे.